पालखी भागोजीच्या दारात

कातळगड कसा पडला, हे आमच्या गावात शेंबड्या पोरालाही पाठ आहे. पाच महिने वेढा पडला होता, आणि मग भागोजीच्या पूर्वजाने, दरवाजावरच्या पहारेकऱ्याने, फितूर होऊन दरवाजा उघडला. तेव्हापासून शिमग्यात देवीची पालखी घरोघर जाते, त्यांच्या घरापुढून मात्र न थांबता पुढे सरकते. हाच इतिहास मी शाळेत तीस वर्षं शिकवला, तोही छाती फुगवून.

भागोजीची बायको हौसा दर शिमग्याला खण-नारळाचं ताट घेऊन अंगणात उभी राही. एकदा तरी आपल्या दारात देवीची ओटी भरायची, एवढंच तिचं मागणं होतं. पालखी गेली की गुपचूप ताट आत नेई.

चार वर्षांपूर्वी दिवाळीत आमच्या घरच्या दप्तरात मला एक मोडी कागद सापडला. टाकं आटलं, माणसं तहानेने मरू लागली, तेव्हा गावच्या मानकऱ्यांनीच दरवाजा उघडला होता. पहारेकरी अडवत होता, म्हणून त्याला त्यांनीच ठार मारलं. खाली पहिली निशाणी आमच्या खापरपणजोबांची.

पालखीचा पहिला खांदा आमच्या घराण्याचा. मी कागद होता तसा बांधून ठेवला. पुढच्या शिमग्याला बघू, म्हटलं. सांगायला लाज वाटते. असे दोन शिमगे गेले. दुसऱ्या वेळी हौसाला उभंही राहवत नव्हतं, ताट मांडीवर घेऊन ती पायरीवर बसली होती. मी मान फिरवली. वैशाखात ती वारली.

तिचं वर्ष सरल्यावर मी गावबैठकीत कागद वाचला. शेवटी यंदा पालखी भागोजीकडे न्यायची ठरली.

ढोल वाजवत आम्ही त्याच्या अंगणात शिरलो. भागोजीने देवीला हात जोडले, मग माझ्याकडे बघितलं.

“गुरुजी, कागूद कवा गावला?”

खोटं बोलता आलं असतं. “चौथं वर्ष चाललंय.”

त्याने बोटांवर मोजलं. “मंजे तवा हौसा व्हती.”

ढोल थांबले होते.

“देवीवर माजा राग नाय,” तो म्हणाला. “पन तुमी खांदा काडा. मंगच ती माज्या घरात येल.”

मी खांदा काढला. माझ्या जागी भागोजी लागला आणि पालखी आत गेली. ओटी भरायला घरात बाई नव्हती.