सॉफ्ट की मीडियम

बायको तापातून उठल्यापासून मेकॅनिक तिच्या कशालाच नाही म्हणत नव्हता. चहात साखर कमी आहे असं ती म्हणाली, की कमी. जास्त आहे म्हणाली, की जास्त. पंखा लावा, पंखा बंद करा, खिडकी उघडा, ही नको, ती. एकदा तिने मुद्दाम, समोरची निळी भिंत हिरवी दिसते, असं म्हणून पाहिलं. त्याने मान वाकडी करून भिंतीकडे बघितलं आणि म्हणाला, "हो, हिरवट झाक आहे खरी." ती उठून आत गेली आणि दार जरा जोरात लावून घेतलं.

नाही होतं ते फक्त एका गोष्टीला. ट्रॅकवर जायचं नाही. पूर्वीचं वजन भरून येईपर्यंत नाही म्हणजे नाही.

बायको आठवडाभर चष्म्याच्या दुकानात लोकांना काचा लावून बघायची आणि सुट्टीच्या दिवशी हलक्या मोटरसायकलींच्या शर्यतीत भाग घ्यायची. तिला हे वेड लावलं ते मेकॅनिकच्या धाकट्या बहिणीने. बहीण मोटार ड्रायव्हिंग शिकवायची. दिवसभर शेजारच्या सीटवर बसून दुसऱ्यांच्या चुकांवर ब्रेक मारून तिचा जीव इतका उबायचा, की रविवारी तिला कुणीतरी ब्रेक न मारता पळू द्यायला हवं असायचं. दोघींच्या गाड्या सारख्याच. एका सिलिंडरच्या, दीडशे सीसीच्या, आरसे आणि दिवे काढून टाकलेल्या. त्याच्या गॅरेजात त्या एकीला एक खेटून उभ्या असत. घरात नणंद-भावजय एका ताटात जेवतील अशा. ट्रॅकवर मात्र बायको तिला वन्सं म्हणायची, आणि ते म्हणण्यातच अर्धी शर्यत व्हायची.

मोसमातली शेवटची शर्यत जवळ आली, तसं बायकोने जाहीर केलं, "वजन भरलंय माझं."

"बघू," मेकॅनिक म्हणाला.

गॅरेजात पार्सलं तोलायचा काटा होता. बायको त्यावर उभी राहिली. अंगात बहिणीचं जाडजूड जॅकेट, दोन्ही हात खिशात, आणि उभी अशी ताठ, की जणू फोटो काढून घेतेय.

"जॅकेट काढ."

"थंडी वाजतेय. जॅकेटचं काय ते वजा करा."

त्याने जॅकेटचं वजा केलं. आकडा बरोबर पूर्वीचा भरला. मेकॅनिकला इतका आनंद झाला, की त्याने तिथल्या तिथे शर्यतीला हो म्हणून टाकलं. बहीण दारात उभी होती. तिने टाळी वाजवली आणि वहिनीला हाताला धरून काट्यावरून जरा सांभाळून खाली उतरवलं.

दुसऱ्या दिवशी चाकं बॅलन्स करायच्या शिशाचा डबा जवळजवळ रिकामा निघाला, म्हणून त्याने माल पुरवणाऱ्याला फोनवर चांगलंच झापलं. माल कमी पाठवतोस का म्हणाला.

मग टायर घ्यायला तिघं गेली. टायरवाल्याचं दुकान लांबट, अंधारं, आणि आत गेल्या गेल्या नव्या रबराचा वास थेट घशात उतरायचा. टायरवाला काउंटरवर कोपरं टेकून बसलेला असायचा आणि गिऱ्हाइकाने मागितलेली वस्तू देण्याआधी त्याची उलटतपासणी घ्यायचा.

"दोन जोड्या मीडियम," मेकॅनिक म्हणाला.

"चालवणार कोण?"

"ही आणि ही."

टायरवाल्याने दोघींकडे पाहिलं. बहीण उंच, खांद्याने रुंद. बायको तिच्या काखेखालून छत्री न मिटता जाईल एवढी. "दोघींना एकच कशाला? हलकी गाडी, त्यात माणूस हलकं, तर मीडियम तापतच नाही. रबर तापलं नाही तर धरणार काय? यांना सॉफ्ट द्या, मऊ रबराचे."

"गेल्या वर्षी दोघींना मीडियमच होते. हिला मस्त चालले. वजन तेच आहे," मेकॅनिक अभिमानाने म्हणाला. "परवाच केलं."

बहिणीला एकाएकी खोकला आला.

"पण समजा," बायको म्हणाली, "समजा, या वेळी सॉफ्ट घेतले तर?"

"तुला कशाला सॉफ्ट? सॉफ्ट निम्म्या शर्यतीत झिजून जातात."

"नाही, आपलं सहज म्हटलं."

"तुला वाटत असेल तर घेऊ," मेकॅनिक लगेच म्हणाला. "तू म्हणशील ते."

बायकोने त्याच्याकडे बघितलं. ती म्हणाली असती हो, तर त्याने घेतले असते. पण का हवेत, असं एकदा तरी विचारलंच असतं, आणि त्याचं उत्तर तिला द्यायचं नव्हतं. "राहू दे," ती म्हणाली. "मीडियम."

टायरवाल्याने मीडियमच्या दोन जोड्या खाली काढल्या. काढता काढता म्हणाला, "ट्रॅकवर माझी टायरांची गाडी असतेच. मन बदललं तर या."

शर्यतीच्या दिवशी सकाळी ऊन होतं, पण डांबर अजून गार होतं. सरावाला दोघी बरोबरच बाहेर पडल्या. मेकॅनिक पिटच्या, म्हणजे गाड्या दुरुस्तीला थांबतात तिथल्या, भिंतीपाशी उभा राहून बघत होता. सरळ रस्त्यावर बायको पुढे निघायची, तिची गाडी तिथे नेहमीच पळायची. पण डाव्या वळणावर तिचं मागचं चाक एकदा सटकलं. थोडंसंच. तिने सावरलं. पुढच्या फेरीला त्याच वळणावर पुन्हा सटकलं. मेकॅनिकचे गुडघे भिंतीवर आपटले, तो पुढे झुकला होता हे त्याला तेव्हा कळलं.

दोघी आत आल्या. त्याने आधी बहिणीच्या मागच्या टायरवर तळवा टेकवला. चांगला गरम, आणि कडेपर्यंत खरखरीत घासलेला, बारीक दाणे आलेले. असायला हवा तसाच. मग बायकोच्या टायरवर हात ठेवला. कोमट. दुपारी राहिलेल्या चहासारखा. आणि कडेला चकचकीत, जणू कुणी तो अजून वापरलाच नव्हता.

त्याने हवा मोजली. दोघींची सारखी. मोजायचं यंत्र बदलून पुन्हा मोजली. तीच. फेरीला लागलेला वेळ विचारला. बायको बहिणीहून थोडीशीच मागे, म्हणजे ती रेंगाळत नव्हती. गाडी तीच, टायर तोच, हवा तीच, वळण तेच.

एकच गोष्ट उरली. त्याने मान वर केली.

बायको बाटलीतून पाणी पीत होती आणि दूर कुठेतरी झेंड्यांच्या रांगेकडे बघत होती. पाणी संपलं तरी बाटली तोंडालाच होती.

"मी जरा मोकळ्या हवेत जाऊन येते," बहीण म्हणाली. ती उघड्या मैदानातच उभी होती.

"तू थांब इथे," मेकॅनिक म्हणाला. मग बायकोला, "किती कमी आहे?"

"काय किती?"

"वजन."

बायकोने बाटलीचं झाकण लावलं. "सहा किलो."

"काट्यावर तर..."

"खिशात शिसं होतं."

"कुठलं शिसं?"

"आपलंच. चाकाचं."

मेकॅनिकला माल पुरवणारा आठवला आणि त्याचे कान लाल झाले. "सहा किलो शिसं खिशात घालून तू ताठ उभी राहिलीस?"

"वन्संनी खिसे आतून पक्के शिवून दिले होते."

"वहिनी!" बहीण म्हणाली. "दादा, मला नको मध्ये ओढूस. डोकं तिचं, माझे फक्त खिसे."

"तुला लाज नाही वाटली? ती अजून धड बरी नाही, आणि तू..."

"मी बरी आहे," बायको म्हणाली. "डॉक्टरांनी सांगितलंय. तुम्ही स्वतः समोर बसून ऐकलंय. वजन यायला वेळ लागेल, बाकी सगळं करा म्हणाले. बाकी सगळं. तुम्ही मला काही करू देता का? काचेचं भांडं घेऊन जिना उतरल्यासारखे माझ्याबरोबर चालता. मी म्हणेन ते हो. भिंत हिरवी म्हटलं तरी हो. माणूस मरायला टेकल्यावर त्याचं असं ऐकतात."

मेकॅनिकने हातातलं हवा मोजायचं यंत्र उगाचच उघडलं आणि मिटलं.

"इथे मला कोणी विचारत नाही बरं वाटतंय का," ती म्हणाली. "इथे सगळ्यांना मला मागे टाकायचं असतं. आज नाही उतरले तर पुढचा मोसम येईपर्यंत मी घरात बसून तुमचं हो हो ऐकायचं. ते नाही जमणार मला."

पलीकडे कुणीतरी इंजिन सुरू करून बंद केलं. मेकॅनिकच्या डोक्यात दोनच चित्रं होती. एकात गाडी परत ट्रकमध्ये चढवलेली, बायको पुढे शेजारी बसलेली आणि रस्ताभर गप्प. दुसऱ्यात डावं वळण, आणि सटकणारं चाक. पण चाक सटकत होतं ते बायकोमुळे नाही. ते त्याने चुकीचा टायर बसवला म्हणून. हे त्याला इतक्या सरळ कळलं, की तो वळला आणि टायरवाल्याच्या गाडीकडे चालू लागला.

"सॉफ्ट," तो टायरवाल्याला म्हणाला. "पुढचा आणि मागचा."

"वजन तेच आहे ना?"

"नाही. सहा किलो कमी."

टायरवाल्याने गाडीच्या फळीवर टेकलेली कोपरं उचलली. टायर काढून दिले आणि बसवायला स्वतः हात लावला.

बहीण जवळ येऊन उभी राहिली. "आणि मला?"

"तुला आहेत तेच."

"म्हणजे बायकोला नवे आणि बहिणीला सकाळचे. आईला सांगते."

"सांग. शिशाचंही सांग."

बहीण हसत हसत आपल्या गाडीकडे गेली.

टायर बसले. आता हवा. मेकॅनिकने कॉम्प्रेसरची नळी लावली आणि नेहमीपेक्षा थोडी कमी भरली, म्हणजे रबर जरा दबेल आणि लवकर तापेल.

"आणखी कमी करा," बायको म्हणाली.

त्याच्या जिभेवर हो आलं होतं. आलेलं त्याने गिळलं. "नाही. पुढच्यात कमी केली तर हँडल जड होईल. वळताना तुझ्या हातात ताकद पुरायची नाही."

"माझ्या हाताचं मी बघेन."

"तुझ्या हाताचं तू बघ, हवेचं मी बघतो. आणि पहिली फेरी सबुरीने. नव्या टायरवरचा गुळगुळीतपणा जाऊ दे, मग काय ते कर."

तिने हेल्मेट घातलं. काच खाली ओढायच्या आधी त्याच्याकडे जरा नवलाने बघितलं, आणि गेली.

पहिली फेरी तिने सबुरीने घेतली. शेवटून दुसरी होती. मेकॅनिकला भिंतीपाशी उभं राहवेना आणि बसवेना. दुसऱ्या फेरीला डावं वळण आलं. गाडी आत कलली, तिचा गुडघा जमिनीला लागला आणि मागचं चाक जराही सटकलं नाही, जणू रस्त्याला चिकटलं. पुढच्या फेरीला तिने दोघांना गाठलं. सरळ रस्त्यावर आणखी एकाला. मग समोर फक्त बहीण आणि तिच्या पुढे एक पिवळी गाडी.

"आली!" टायरवाला आपली गाडी सोडून भिंतीपाशी येऊन ओरडला. "बघा, मी म्हणत नव्हतो?"

शेवटच्या फेरीत उजव्या वळणावर ती आतल्या बाजूने बहिणीच्या शेजारी आली. दोन्ही गाड्या एकमेकींना खेटून वळल्या, अगदी गॅरेजात उभ्या असतात तशा, आणि बाहेर निघताना बहीण अर्ध्या चाकाने पुढे निघाली. तशीच रेषा ओलांडली. पिवळी गाडी पहिली, बहीण दुसरी, बायको तिसरी.

दोघी आत आल्या. बहिणीने हेल्मेट काढलं. चेहरा घामाने थबथबलेला. "वहिनी, मारलंच असतंस मला त्या वळणावर!"

"पुढचं चाक धरेना वन्सं, नाहीतर मारलंच असतं." बायको गाडीवरून उतरली. ती सरळ मेकॅनिकसमोर आली. "तुमचं चुकलं. पुढच्यात हवा जास्त होती."

"जास्त?" मेकॅनिक म्हणाला. "जराही जास्त नव्हती. तू ब्रेक उशिरा सोडलास. मी इथून बघितलं."

"इथून काय दिसतं तुम्हाला? वळण पलीकडे आहे!"

"दिव्याचा खांब दिसतो. खांबाच्या पुढे गेल्यावर ब्रेक सोडलास. खांबाच्या आधी सोडायचा असतो, हे तुला मीच शिकवलंय."

"तुम्ही? मला वन्संनी शिकवलं! तुम्हाला स्वतःला तरी गुडघा टेकवता येतो का?"

"मला टेकवता येत नाही म्हणून हवा जास्त होती का?"

"हो!"

"अजिबात नाही!"

शेजारच्या पिटमधली माणसं काम थांबवून बघायला लागली. टायरवाला मध्ये पडायला पुढे झाला, तर बहिणीने त्याला दंडाला धरून मागे ओढलं. मेकॅनिकने टोपी काढून शेजारच्या तेलाच्या ड्रमवर आपटली आणि बायकोला, पुढच्या टायरच्या कडेला बोट लावून, ती किती चूक आहे ते दाखवायला खाली बसला. तीही त्याच्या शेजारी खाली बसली आणि दुसऱ्या कडेला बोट लावून, तो किती चूक आहे, ते दाखवू लागली.