अकरा वर्षं वर न गेलेली खुर्ची

मित्रांनो, मी एक जुनी खुर्ची आहे, केस कापायच्या दुकानातली. खरं ते आधीच सांगून टाकते. एका चांगल्या माणसाची मान गेली, आणि त्यात माझा मोठा वाटा आहे.

माझा जन्म कारखान्यातला. खाली बिडाचं जड बूड, त्यावर लोखंडी खांब, खांबात तेल. वर लाल गादी आणि मागे डोकं टेकायला छोटी उशी. बाजूला एक दांडा. तो पायानं दाबला की मी वर जायचे, उचलून धरला की सावकाश खाली. शेवटच्या दिवशी एक जाडजूड तपासनीस माझ्यावर बसला. दुसऱ्यानं दांडा मारला. मी त्याला उचललं तसा तो हसायलाच लागला, "आईनंतर मला कुणी उचललं असेल तर या खुर्चीनंच!"

फार तोरा होता मला तेव्हा.

मला ज्यानं दुकानात आणलं तो खूप उंच होता. स्वतःच्या दुकानात शिरतानाही वाकायचा. समोर त्याच्या दोस्ताचं दुकान होतं, केस कापायचंच. तो दोस्त एकदम बुटका. तो याला लांबू म्हणायचा, हा त्याला बुटक्या. आख्खी गल्ली तेच म्हणायला लागली.

लांबू दांडा आठ वेळा मारायचा. मोजून आठ. मग गिऱ्हाइकाचं डोकं बरोबर त्याच्या छातीसमोर यायचं आणि तो ताठ उभा राहून कात्री चालवायचा. दुपारी दुकान रिकामं असलं की त्याची छोटी मुलगी माझ्यावर चढून बसायची. "बाबा, अजून वर! अजून वर!" आठाच्या पुढे मी जात नव्हते, तरी तो उगाच दांडा मारत राहायचा.

लांबूचा हात हलका. त्यात त्याची एक खासियत होती. कटिंग झाली की गरम टॉवेल लावायचा आणि मग मान दोन्ही हातांत धरून कडकन मोडून द्यायचा. काही लोक तर केस वाढायच्या आधीच यायचे, फक्त त्या कडकनसाठी.

आणि मग एक दिवस मास्तर बसले होते. शाळेतले मास्तर, सगळ्यात जुनं गिऱ्हाईक. अर्धी दाढी झाली होती आणि मी त्यांना घेऊन हळूहळू खाली जायला लागले. मला थांबताच येईना. आतली रबराची रिंग फाटली होती, तेल टिकत नव्हतं.

"अरे लांबू, मला पाताळात धाडतोस काय?"

"बसा हो मास्तर. उद्या बघतो तिच्याकडे."

तो उद्या यायला अकरा वर्षं लागली.

आळशी नव्हता तो. सकाळी शटर उघडायच्या आधी दोन माणसं बाहेर उभी असायची. मला उघडायचं म्हणजे दुकान थांबणार. "चालतंय की," म्हणायचा आणि खाली गेलेल्या गिऱ्हाइकावर वाकायचा.

समोर आरसा होता, म्हणून मला सगळं दिसायचं. आधी नुसती मान पुढे. मग खांदे. मग दुपार झाली की एक हात सारखा मानेमागे. मुलीनं मागून हाक मारली तर आख्खा वळायचा, नुसती मान वळेना. मी करकरायचे. तो म्हणायचा, "कशाला कुरकुरतेस बाई, मी करतोय का?"

एका सकाळी मान इतकी आखडली की कंगवा खाली पडला आणि त्याला वाकून उचलता येईना. बुटक्या समोरून धावत आला.

"जगाच्या माना मोडतोस, स्वतःची ठेवलीस तशीच! बस. मी मोडतो."

"बघ हं, जपून."

"मला शिकवतोस?"

मित्रांनो, इतक्या वर्षांत लांबू तेव्हा पहिल्यांदा माझ्यावर बसला. त्याचं वजन किती कमी होतं! बुटक्यानं मान धरली आणि जोरात वळवली. कडकन आवाज आला. लांबूनं डोळे मिटले, म्हणाला, "सुटली रे." दोन मिनिटं छान गेली. मग त्यानं उजवा हात झटकला. परत झटकला. खांद्यापासून खाली करंट गेल्यासारखं झालं होतं, अंगठा आणि शेजारचं बोट बधिर.

त्यानं कुणाला सांगितलं नाही. अंगठा नसला की कात्री कशी चालणार, वस्तरा कसा धरणार? याशिवाय त्याला दुसरं काही येत नव्हतं. तीन दिवस तो बोटं चोळून चोळून काम करत राहिला.

चौथ्या दिवशी मास्तर आले. वस्तरा त्यांच्या कानाला लागला. रक्त फार नव्हतं.

"राहू दे रे," मास्तर म्हणाले, "दुसरा कान आहे की."

लांबू हसला नाही. वस्तरा खाली ठेवला आणि आरशात स्वतःच्या हाताकडे बघत राहिला. मग भर दुपारी शटर ओढलं.

मुलगी आता मोठी झाली होती, नोकरी करत होती. तिनं सगळं वदवून घेतलं त्याच्याकडून आणि डॉक्टरकडे नेलं. दुसऱ्या दिवशी लांबू बाकावर बसून बुटक्याला सांगत होता.

"मानेच्या मणक्यांची झीज आहे म्हणे. वयानं थोडी होतेच. मी वाकून वाकून त्रास वाढवला. नस दबलीय. आणि मान कुणाच्या हातात द्यायची नाही म्हणाले. मी पण कुणाची मोडायची नाही."

बुटक्याचा चेहरा उतरला. "मी केलं रे हे."

"मीच बसलो ना खुर्चीत."

मुलीनं मेकॅनिक बोलावला. त्यानं मला आडवं केलं, खांब उघडला, नवी रिंग घातली, तेल भरलं. वीस मिनिटं लागली.

"एवढंच होतं?" लांबूनं विचारलं.

"एवढंच. कधीपासून बिघडलीय?"

मुलीनं पैसे काढून दिले. मी सरळ उभी राहिले, आठ दांड्यांत वर गेले, आणि मित्रांनो, वर जायची एवढी लाज मला कधीच वाटली नव्हती.

मानेचं दुखणं पुढे बरंच कमी झालं. त्यानं मेहनत घेतली. पण अंगठा परत आला नाही. शर्टाचं बटण कसंबसं लागतं, वस्तरा नाही. दुकान बंद झालं. गिऱ्हाइकं समोर गेली. मला मुलगी घरी घेऊन आली.

आता मी खिडकीपाशी असते. रोज सकाळी मुलगी टॉवेल गरम पाण्यातून पिळून त्याच्या मानेला लावते, तो लोकांना लावायचा तसाच. मग तो हनुवटी आत घेतो, सोडतो. सावकाश डावीकडे बघतो, सावकाश उजवीकडे. दुखलं की तिथेच थांबतो. रविवारी बुटक्या केस कापायला येतो, आणि त्याचा हात पोचावा म्हणून मी खाली जाते.

मित्रांनो, तुमच्या घरातही काहीतरी बिघडलेलं असेल. ओटा बुटका असेल, टेबल नीट नसेल, दिवा मंद असेल. आणि त्याच्यासमोर तुमचं कुणीतरी रोज मान खाली घालून उभं असेल, चालतंय की म्हणत असेल. त्यांचं ऐकू नका. ती वस्तू आजच उघडून बघा. आम्हाला बोलता येत नाही, आम्ही नुसत्या करकरतो.

व्यायाम झाला की लांबू डोकं माझ्या उशीवर टेकतो. त्याचा उजवा हात माझ्या हातावर असतो. हातावरची गादी फाटली आहे तिथे तो अंगठा फिरवत बसतो, हळूहळू, काहीतरी शोधल्यासारखा. मला तो अंगठा कळतो. त्या अंगठ्याला मी कळते का, ते त्यानं अजून कुणाला सांगितलेलं नाही.