हिरातांना दिलेला पेढा

दादासाहेबांनी एका पत्राला आठ वर्षं उत्तर दिलं नव्हतं. शब्दकोशाच्या पानांत ते दडवून ठेवलं होतं.

पत्र हिरातांचं. दादासाहेब कामाला होते त्या भोसरीच्या कारखान्यात मशीन बसवायला जपानहून आलेला हा इंजिनिअर. अठ्ठ्याण्णवच्या मे महिन्यात पोखरणच्या अणुचाचणीची बातमी आली, युनियननं पेढे वाटले आणि ताट नेमकं भिडस्त दादासाहेबांच्या हातात दिलं. हिरातांनी पेढा उचलून विचारलं, "कशाबद्दल?"

जपानी माणसाला काय सांगणार? "मुलगा झाला," दादासाहेब बोलून गेले. हिराता वाकले, अभिनंदन केलं, पेढा खाल्ला.

मग दोन हजार सतरा साली त्यांचं पत्र आलं: 'हिरोशिमावर बॉम्ब पडला तेव्हा माझी आई नऊ वर्षांची होती. यंदा अण्वस्त्रबंदीचा करार झाला, पण बॉम्ब बाळगणारा एकही देश त्यात नाही. म्हणून आम्ही सह्या गोळा करतोय. तुमचा मुलगा आता एकोणीसचा असेल. त्याचीही सही पाठवा.'

दादासाहेबांना एकच अपत्य, तनुजा. मुलगा कुठून आणणार?

परवा सीमेवर धुमश्चक्री सुरू होती. मोशीच्या सोसायटीत शेजारचा प्रीतम पेढ्यांचा बॉक्स घेऊन फिरत होता.

"काका, तोंड गोड करा! आता एकच अणुबॉम्ब टाकायचा, विषय कट!"

"तिथं लेकरं राहतात, प्रीतम."

"लई पुस्तकं वाचता राव तुम्ही!"

सगळे हसले. युनियनमधले जुने यशवंतराव तर खो खो हसले. "आता कसला राग, दादासाहेब? त्या वक्ताला ताट तुमीच फिरवलं न्हाई का? तुमच्या हातचे दोन खाल्लेत मी!"

दादासाहेबांना त्या हसण्याची किळस आली, त्याहून आपल्या हाताची. हातातला पेढा परत बॉक्समध्ये ठेवून ते घरी आले. साबणानं तीनदा हात धुतले तरी तुपाचा वास जाईना.

ओल्या हातानंच त्यांनी शब्दकोश उघडून ते पत्र काढलं. सह्यांची मुदत कधीच उलटली होती. तरी पत्रासोबत आलेल्या कागदावर त्यांनी सही केली. खाली लिहिलं: 'मला मुलगा नाही. तो पेढा बॉम्बचा होता. तुम्हाला ते ठाऊक नव्हतं, मला होतं. सही माझी एकट्याची आहे. दुसऱ्या कुणाकडे मागायची हिंमत झाली नाही.'

सकाळी पोस्टातल्या बाईंनी विचारलं, "आजोबा, आत काय आहे?"

"पत्राचं उत्तर."

बाईंनी शिक्का मारला आणि पाकीट मागच्या पोत्यात टाकलं.