फूलण

साळूबाईनं ओलं फडकं भिंतीला लावायला हात उचलला, तोच भंवरीबाईंनी तिचं मनगट धरलं.

"अगं थांब! फूलण आहे ती. जीव असतात त्यात."

"भाभी, बुरशी आहे ही!"

"तेच म्हणतेय मी."

साळूबाईला तरी कुठून ठाऊक असणार? मस्तगडच्या या घरात ती तीस वर्षं धुणीभांडी करत होती, पण तिथं बुरशी म्हणून कधी दिसली नव्हती. ती येऊच द्यायची नाही, ही जैनांच्या घरची रीत. पापडाचे डबे उन्हात, बरण्या कोरड्या, कपाटं भिंतीपासून हातभर लांब. आणि एकदा आलीच, तर खरवडायची नाही, पुसायची नाही. आपली आपण वाळेपर्यंत थांबायचं. यंदा ती आली, ऐन चातुर्मासात आली, आणि कुठं, तर पारसच्या खोलीत!

मुलगा पुण्याला बिऱ्हाड घेऊन गेल्यापासून ती खोली बंदच असे. पावसाची झड लागली तशा भंवरीबाई आपल्या साड्या तिथं वाळत घालू लागल्या.

"ओलं धुणं आत अन् खिडकी बंद. मंग भिंतीला घाम फुटणार न्हाई तं काय?" साळूबाई म्हणाली. "गॅलरी काय ओस पडल्ती का?"

"त्या खोलीत रोज जायला काहीतरी काम नको का मला?" भंवरीबाई म्हणून गेल्या आणि लगेच साड्या गोळा करायला लागल्या.

पर्युषणाला बारा दिवस होते. पारस, सून आणि नात येणार होते. नातीला, राजनंदिनीला, दमा. पारसनं फोनवर बजावलंच होतं, "मम्मी, खोली ओली असेल तर आम्ही येणार नाही हं. डॉक्टरांनी बिलकुल नको म्हटलंय."

मग काय, म्हातारी पदर खोचून कामाला लागली. साड्या गॅलरीत गेल्या, कपाट पुढं ओढलं गेलं. सकाळी प्यायचं पाणी उकळताना स्वयंपाकघराचं दार लावून घ्यायचं, म्हणजे वाफ इकडं येत नाही. ओल शोषायला कोपऱ्यांत कळीच्या चुन्याच्या वाट्या ठेवल्या. खिडक्या दिवसभर सताड उघड्या. दुपारी माळ घेऊन त्या तिथंच बसत. माळ संपली की भिंतीकडं बघून म्हणत, "काय गं, अजून ओलीच का?" दिवसाकाठी बोलायला दुसरं होतं कोण!

"पुसलं तं पाप," साळूबाई एकदा हसली, "अन् वाळवून मारलं तं न्हाई?"

भंवरीबाईंनी पुन्हा माळ हातात घेतली.

अकराव्या दिवशी साळूबाईनं भिंतीजवळ नाक नेलं.

"वाळली बघा, भाभी! वास बी न्हाई."

काळ्या डागांची करडी भुकटी झाली होती. भंवरीबाईंना इतका आनंद झाला, की त्यांनी लगेच धुतलेल्या चादरी काढल्या. संध्याकाळी फोन वाजला.

"खोली वाळली? छान झालं," पारस म्हणाला. "पण मम्मी, राजनंदिनीची परीक्षा लागलीये मध्येच. संवत्सरीला व्हिडिओ कॉल करू."

"बराबर आहे. शिक्षण आधी," त्या म्हणाल्या आणि चादरी घडी घालून परत ठेवल्या.

संवत्सरीला, पर्युषणाच्या शेवटच्या दिवशी, जैन स्थानकातून प्रतिक्रमण करून त्या घरी आल्या. फोनच्या पडद्यावर तिघांनी हात जोडले, वर्षभरात चुकलंमाकलं त्याची क्षमा मागितली. "मिच्छामि दुक्कडम्, दादी!" मिनिटभरात पडदा काळा झाला. या दिवशी घरातल्या प्रत्येक जीवाची क्षमा मागायची असते. सासरे होते तेव्हा एकेकापुढं वाकता वाकता कंबर मोडायची. आता वाकायचं कुणापुढं?

त्यांनी पारसच्या खोलीचं दार ढकललं. भिंत खडखडीत कोरडी होती. तिच्यासमोर त्यांनी हात जोडले.

"मिच्छामि दुक्कडम्," त्या म्हणाल्या. "पाहुण्यांसाठी तुला घालवलं गं मी."

मग खिडकी उघडी आहे ना, ते बघितलं आणि तिथंच पलंगावर टेकल्या.