पाण्याखाली हजर

पुणतांब्याच्या आमच्या शीडहोडी क्लबाची एकुलती एक होडी सोमवारी गोदावरीत बुडाली, असं सरकारी वहीत लिहिलंय. तसं काही झालेलं नाही.

झालं ते इतकंच. १९४४च्या वैशाखात नदी आटून एक डोह उरला आणि उन्हानं होडीच्या फळ्यांमध्ये फटी पडल्या. गुरुवारी मामलेदार तपासणीला येणार होते. होडी तरंगली नाही, तर क्लबाची घाटावरची शेड रेशनचं धान्य साठवायला सरकारकडे जाणार होती आणि क्लब बंद. मी चिटणीस.

आमचा नावाडी मच्छिंद्र म्हणाला, "रविकांतराव, होडी तहानली हाय. दोन दिस बुडवून ठिवू. लाकूड फुगतं, फटी बुजत्यात."

"आणि नाही बुजल्या तर?"

"मंग पुढच्या टायमाला ती आपली आपनच बुडंल. आपल्याला तरास न्हाई."

धोंडे भरून आम्ही होडी बुडवली. शेवटचा बुडबुडा वर आला आणि घाटावर मामलेदारांचा टांगा थांबला. तीन दिवस आधीच.

"होडी कुठंय?"

मच्छिंद्रानं डोहाकडे बोट दाखवलं. "पानी पितीया, साहेब."

साहेबांनी वहीत 'बुडाली' असं लिहिलं आणि शिपायाला शेड मोजायला सांगितली. मी तिथेच टांग्याच्या पायरीवर कागद ठेवून अर्ज लिहिला:

"होडी बुडालेली नसून दुरुस्तीसाठी पाण्याखाली हजर आहे. सबब मेहेरबान मामलेदारसाहेबांनी डोहात उतरून जागेवरच तपासणी पुरी करावी, आणि ते वर येईपर्यंत शेडबाबतचा निर्णय तहकूब ठेवावा, ही नम्र विनंती."