कूलरमधली वाटी

अर्जुनी मोरगावात मे महिन्याच्या दुपारी काय वाळत नाही ते विचारा. कुरड्या वाळतात, पापड वाळतात, कोहळ्याच्या वड्या वाळतात. धुणं तर दोरीवर टाकून पाठ फिरवेपर्यंत कडक होतं. तेव्हा देवकाबाईंनी सुनेची ओली वाटी उचलून गच्चीवर उन्हात नेऊन ठेवली, याबद्दल त्यांना नावं ठेवणाऱ्यानं आधी इथला एक उन्हाळा काढून दाखवावा.

सून म्हणजे दुर्गेश्वरी. गोंदियाची मुलगी, लग्नाआधी दोन वर्षं जपानात राहून लाखकाम शिकून आलेली. म्हणायचं लाखकाम, पण पळसावरच्या आपल्या लाखेशी त्याचं काही नातं नाही. तिकडच्या एका झाडाचा चीक असतो, तो लाकडी भांड्यावर थरावर थर चढवायचा, घासायचा, पुन्हा चढवायचा. येत्या शनिवारी नागपुरात आजच्या जपानी कारागिरांच्या कामाचं प्रदर्शन भरणार होतं. तिच्या गुरू मोरिताबाई तिथे येणार होत्या आणि त्यांनी आपल्या कामाशेजारी एका वाटीपुरती जागा या शिष्येसाठी मागून घेतली होती. बाईंचं वय झालेलं, पुन्हा भारतात येणं होणार नव्हतं. त्यांच्या डोळ्यांखालून वाटी जायची तर आत्ताच.

प्रदर्शनातल्या वस्तूंचे फोटो दुर्गेश्वरीनं सासूला मोबाईलवर दाखवले होते. चांदीचा एक सुरईसारखा गडवा, अंगभर ठोक्यांच्या सुरकुत्या पाडलेला. भंडाऱ्याच्या कासारानं असा दिला असता तर देवकाबाईंनी परत केला असता. मातीचा एक कुंभ, उन्हाळ्यातल्या धानाच्या बांधीसारखा मुद्दाम तडकवलेला. एवढे शिकले-सवरले लोक भांड्यांना पोचे कायले पाडतात, हे त्यांना कळेना. पण सुनेची वाटी मात्र त्यांना मनापासून आवडली होती. शिवणीच्या लाकडाची, बाहेरून काळी आणि आतून शेंदरी, इतकी गुळगुळीत की त्यात आपलं तोंड पाहून पदर नीट करावा.

सूनही आवडायची. तक्रार एकच, ती फार गोड वागायची. वर्ष झालं लग्नाला, पण अजून पाहुणीसारखी. कशाला नाही म्हणणं नाही, कधी आवाज चढवणं नाही. घरातलं माणूस कधीतरी भांडतं, एवढं तरी देवकाबाईंना कळत होतं.

तर झालं असं. शेवटचा थर देऊन वाटी लोखंडी कपाटात ठेवून दुर्गेश्वरी नवऱ्याबरोबर, चंद्रकुमारबरोबर, भावाच्या सगाईला गोंदियाला गेली. कपाट उघडू नका, एवढं सांगून गेली. पण कपाटातून ओल्या फडक्यांचा कुबट वास सुटला आणि देवकाबाईंनी उघडलं. पाहतात तर वाटीच्या भोवती ओले टॉवेल टांगलेले. ओली वस्तू ओल्या फडक्यांत वाळवायला ठेवणारी मुलगी! पोरीला सगाईच्या गडबडीत भान राहिलं नसेल, म्हणून त्यांना तिची मायाच आली. त्यांनी वाटी वर नेली, कुरड्यांच्या शेजारी ठेवली, आणि काम फत्ते झाल्याच्या आनंदात खाली येऊन चहा टाकला.

वाटी काही वाळेना. कुरड्या खडखडीत झाल्या, वाटी चिकटच. वाळली का म्हणून देवकाबाईंनी बोट लावून पाहिलं. त्यांच्या बोटावर भरवसा नाही म्हणून यजमान दुलीचंद वर आले, त्यांनीही बोट लावलं आणि त्याच बोटानं विचारपूर्वक नाक खाजवलं. कुरड्या करू लागायला आलेल्या शेजारच्या सुमित्राबाईंना वाटलं, आपण तेवढ्या मागे का राहावं.

दुसऱ्या दिवशी सकाळी दुलीचंदांचं नाक लाल वांग्याएवढं झालं. देवकाबाईंचे हात पुऱ्यांसारखे टम्म फुगले. सुमित्राबाई एक कान पदराआड लपवत आल्या आणि तिघं एकमेकांकडे पाहत राहिले. जंगलालगतच्या गावात वाढलेल्या माणसांना हे फोड नवे नाहीत.

"बिबा उतला," सुमित्राबाई म्हणाल्या. "पण बिबा आला कोठून?"

तो जपानहून आला होता, नळीत भरून. संध्याकाळी परत आलेल्या दुर्गेश्वरीनं तिघांची ध्यानं पाहिली आणि काही न विचारता गच्चीकडे धाव घेतली. त्या झाडाचं आणि बिब्याचं कूळ एकच. तो चीक ओला असताना अंगाला लागला की अंग उतणारच. आणि त्याची तऱ्हा अशी उलटी, की तो उन्हात वाळत नाही. त्याला दमट हवाच लागते. वाटीवर तीन बोटांचे तीन ठसे स्पष्ट उमटलेले.

आता पोरगी बोलेल, बोलायलाच हवं, देवकाबाई मनाची तयारी करून उभ्या राहिल्या. दुर्गेश्वरी म्हणाली, "राहू द्या आई. काही नाही झालं." त्यांच्या हातांना खोबरेल तेल लावून दिलं आणि न्हाणीघरात जाऊन तिनं नळ सोडला. नळाच्या आवाजातूनही हुंदके ऐकू येत होते. देवकाबाई दाराबाहेर उभ्या राहिल्या आणि त्यांना इतकी लाज वाटली की फुगलेल्या हातांची आग त्या विसरल्या. त्यांनी तिथेच ठरवलं, वाटी नागपूरला जाईल, मग घर उलटंपालटं झालं तरी चालेल.

सुनेनं न वाळलेला थर तेलानं पुसून काढला आणि सकाळी नवा दिला. पण शुक्रवारच्या बसआधी तो सुकायचा, तर या कोरड्या उन्हात कपाटातले टॉवेल तासाभरात सुकत होते. हवंय तरी काय, देवकाबाईंनी खडसावून विचारलं. ओल हवी, ऊब हवी, धूळ नको.

देवकाबाईंच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. मधल्या खोलीतला कूलर! खिडकी बंद करून कूलर लावला की भिंतींना घाम येतो, म्हणून त्या दर उन्हाळ्यात दुलीचंदांशी भांडत आल्या होत्या. आता त्यांनी दुपारच्या झोपेतून त्यांना उठवलं, उशीसकट बाहेर काढलं, कूलरचं तोंड भिंतीकडे फिरवलं आणि पलंगावर आंब्याच्या पेटीखाली वाटी विराजमान झाली. माणसं ओसरीवर पंख्याच्या झळा खात बसली. दुलीचंद नाक सांभाळत येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होते की घरात वाटीची चैन आहे. बघता बघता गल्लीभर बातमी झाली आणि जो तो वाटीची तब्येत विचारून जाऊ लागला.

गुरुवारी दुपारी लाईट गेली.

कूलर थांबला. कुणी काही बोलायच्या आत देवकाबाईंनी धानाची रिकामी पोती हौदात बुचकळली. सुमित्राबाई दोन घेऊन आल्या, चंद्रकुमार चार घेऊन आला, शेजारचे भैयाजी लुंगी सावरत बादली घेऊन आले. मधल्या खोलीत दोरी बांधून पोती टांगली. दोरी पुरेना तेव्हा माणसांनी पोती हातात धरली. बंद खोलीत वाटीभोवती पाच माणसं, डोक्यापासून पायापर्यंत निथळत, कारण दुर्गेश्वरीनं धूळ उडू नये म्हणून कुणाला हलू दिलं नाही. भैयाजींच्या लुंगीतून पाणी टपटपत होतं. दुलीचंद गुदमरले आणि खिडकीकडे सरकले. ते पाहून देवकाबाईंना हसू फुटलं.

"बाबूजी!" दुर्गेश्वरी कडाडली. "खिडकीले हात लावला त जिंदगीभर चहा देणार नाही मी. अन् आई, तुमी हसून कायले राहिल्या? सगळं तुमच्याच्यानं झालं. उघडू नका म्हटलं होतं ना कपाट? एक गोष्ट ऐकत नाही या घरात कोणी!"

दुलीचंद खिडकीपासून मागे आले. आणि देवकाबाईंना असा आनंद झाला की काय सांगावं. वर्षभरानं सून भांडली होती, आणि तेही सासू-सासऱ्यांशी, चारचौघांत, पोटातून. त्यांना हसू आवरेना. हसलं की पोतं हलायचं, पोतं हललं की सुनेचे डोळे मोठे व्हायचे, म्हणून त्यांनी पदर तोंडात कोंबला. ते पाहून सुमित्राबाई फिसकल्या, मग भैयाजी. शेवटी दुर्गेश्वरीनंच तोंड ओंजळीत लपवलं आणि तिचे खांदे गदगदू लागले. हसण्याचा आवाज कुणी केला नाही. लाईट येईपर्यंत सगळे तसेच भिजत, थरथरत, मुक्यानं हसत उभे होते.

शुक्रवारी सकाळी सुनेनं पेटी उचलली आणि सासूला पुढे बोलावलं. फुंकर नाही घालायची, तिनं बजावलं, नुसता तोंडाचा वाफारा सोडायचा. देवकाबाईंनी वाकून जपून श्वास सोडला. काळ्या अंगावर पांढुरकी वाफ धरली आणि पसरून विरून गेली. खाली कुठेही डाग नव्हता.

"वाळली," दुर्गेश्वरी म्हणाली आणि सासूच्या गळ्यात पडून भोकाड पसरून रडली.

"रडते कायले?" देवकाबाई तिची पाठ थोपटत म्हणाल्या. "बस सुटून राहिली तिकडं. चाल."

त्या तिला एकटीला सोडायला तयारच नव्हत्या, लुगडं बदलून स्वतःच निघाल्या. नागपूरच्या बसमध्ये सून खिडकीशी बसली आणि वाटीचा डबा देवकाबाईंच्या मांडीवर, सुजलेल्या दोन्ही हातांच्या कुशीत. कंडक्टर आला, तिकिटं फाडली, आणि डबा वर फळीवर ठेवून देतो म्हणून त्यानं हात पुढे केला.

"हात नोको लावू भाऊ," देवकाबाई सगळ्या बसला ऐकू जाईल असं म्हणाल्या. "माह्या सुनेचं काम आहे. अंग उतन."