सुटे दिवस

सफरचंद कापताना सुरी निसटली आणि आत्याच्या बोटाला जरासं लागलं. आत्याने बोट नळाखाली धरलं, पण रक्त थांबेना. दुसरा रुमालही भिजला, तेव्हा भाचीने तिचं बोट घट्ट दाबून धरलं. आत्याला रक्त पातळ ठेवायचं औषध चालू होतं; ते जास्त होत नाही ना, हे बघायला रक्त तपासत राहावं लागे.

“आत्या, रक्त कधी तपासलंस?”

“झाला असेल महिना. दवाखान्यातून दोनदा फोन आला, तेव्हा मी लेकीकडे होते. मग त्यांचे फोनच बंद झाले. म्हटलं, आता गरज नसेल.”

कोणाला फोन करायचा हे दवाखान्याला सांगणारा प्रोग्रॅम भाचीनेच लिहिला होता. शेवटच्या तपासणीला पंधरा दिवस उलटले, की पेशंटचं नाव नर्सच्या स्क्रीनवर लाल व्हायचं. मग आत्याचं नाव गेलं कुठे?

एका हाताने आत्याचं बोट दाबून धरत तिने दुसऱ्या हाताने लॅपटॉप उघडला. तारखांचं काम तिने एका लायब्ररीवर, म्हणजे दुसऱ्या कोणी लिहून ठेवलेल्या तयार कोडवर, सोपवलं होतं. दोन तारखांमधलं अंतर मागितलं, की लायब्ररी महिने वेगळे, दिवस वेगळे असं सुटं करून द्यायची. तिने त्यातले नुसते दिवस उचलले होते. आत्याला एक महिना सहा दिवस झाले होते, आणि प्रोग्रॅम म्हणत होता, सहा. महिना भरला, की लाल नाव गुपचूप साधं होत होतं.

“अगं, रक्त माझं जातंय आणि पांढरीफटक तू पडलीस?”

इस्पितळाकडे जाताना टॅक्सीतूनच तिने दवाखान्यातल्या नर्सला फोन लावला. “ताई, लाल नावं राहू द्या. महिनाभरात जे फिरकलेच नाहीत, त्यांना आधी फोन करा.”

“पण सिस्टीम तर—”

“सिस्टीम चुकलीय. मी चुकलेय.”

इस्पितळात इंजेक्शन दिल्यावर बोटाचं रक्त थांबलं. तोच नर्सचा फोन आला. महिनाभर न फिरकलेले बाकी सगळे सापडले होते. फक्त त्यांच्यातल्या एका चित्रकलेच्या मास्तरांचा फोन त्यांच्या सुनेने उचलला होता. काल मास्तरांच्या मेंदूत रक्तस्राव झाला. अजून शुद्ध नाही. ते याच इस्पितळात होते, तिसऱ्या मजल्यावर.

भाचीने आत्याला सगळं सांगितलं. ऐकून आत्या उठली. मग म्हणाली, “चल. मी येते बरोबर.”

वर बाकावर सून एकटीच बसली होती. “तुम्ही कोण?” तिने विचारलं.

“दवाखान्याचा प्रोग्रॅम मी लिहिलाय.”

“बरं. मग?” सुनेला काहीच उमगलं नाही.

भाची तिच्या शेजारी बसली आणि पहिल्यापासून सांगू लागली.